कराव्याच्या अंगणातला तिचा वाटा

माझी बहीण एकवीस वर्षांची असताना आम्ही लालबागची चाळ सोडून बेलापूरला राहायला आलो. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. माझं सरकारी ऑफिस फोर्टातून इकडे हललं आणि त्याबरोबर आम्हीही. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. आई, मी आणि धाकटी बहीण, एवढंच घर. दोन खोल्या, स्वतःचा संडास, स्वतःचा नळ. आईला स्वर्ग मिळाल्यासारखं झालं. बहिणीचं मात्र सगळंच हरवलं, आणि हे कळायला मला जवळजवळ वर्ष लागलं.

तिच्याबद्दल आधी सांगतो. ती बोलायची, पण कमी, आणि बहुतेक वेळा आपणच म्हटलेलं वाक्य आपल्यालाच परत द्यायची. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कानांवर हात. डोळ्यांत डोळे घालून कुणी बोललं की तिची मान भिंतीकडे वळायची. तांदूळ निवडायला बसली तर मात्र तास दोन तास हलायची नाही. खडे एकीकडे, कणी एकीकडे, आणि अख्खे दाणे पुन्हा लांब आणि आखूड असे वेगळे. मुंबईच्या डॉक्टरांनी लहानपणीच ‘मंदबुद्धी’ असा शिक्का मारून कागद हातात दिला होता. मला ते कधी पटलं नाही. स्वमग्नता हा शब्द तेव्हा आमच्यापर्यंत पोचलाच नव्हता. आम्ही आपलं म्हणायचो, ती वेगळी आहे.

चाळीत हे वेगळेपण कुणाच्या नजरेत येत नसे. सगळ्यांची दारं उघडी, बायका गॅलरीत ओळीने बसलेल्या, कुणी पापड लाटतंय, कुणी शेंगा सोलतंय. ही त्यातच कुठेतरी. तिला कुणी काही विचारायचं नाही, कारण तिचं सगळं सगळ्यांना ठाऊकच होतं. बेलापूरच्या इमारतीत दारं बंद असायची. कुणाला भेटायचं तर घंटी वाजवायची, आत जायचं, समोरासमोर खुर्चीत बसायचं आणि प्रश्नांना उत्तरं द्यायची. माझ्या बहिणीला नेमकं हेच जमत नव्हतं. मग ती दिवसभर तळमजल्याच्या जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसून राहू लागली.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, सगळं आपल्याला कळतं अशा वयातला. मी ठरवलं, हिला बोलायला शिकवायचं. इमारतीत पहिल्यांदाच सत्यनारायण घालायचं ठरलं होतं. सगळी बिऱ्हाडं येणार होती. मी आठ दिवस रोज संध्याकाळी तिला आरशासमोर उभं करून घोकून घेतलं, “नमस्कार. मी बरी आहे. तुम्ही कशा आहात?” तिनं ते पाठ केलं. माझ्यासारखाच आवाज, माझ्यासारखाच हेल.

पूजेच्या दिवशी ती नवं पातळ नेसून दाराजवळ उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला म्हणाली, “नमस्कार. मी बरी आहे. तुम्ही कशा आहात?” पहिल्या दोघी-तिघींनी कौतुकाने उत्तर दिलं. पाचवी-सहावी आली तेव्हा बायकांत कुजबुज सुरू झाली. मग मागे बसलेली एक बाई मोठ्याने म्हणाली, “अगं बाई, रेकॉर्ड अडकली वाटतं!” सगळ्या हसल्या. बहीणही हसली, कारण सगळ्या हसत होत्या. पण हसणं थांबेना आणि आवाज वाढत गेला, तेव्हा तिने कानांवर हात ठेवले आणि ती जिन्याखाली, सायकली लावतात तिथे जाऊन बसली.

मी खाली गेलो आणि तिच्यावर चिडलो. “एवढं शिकवलं, दहा मिनिटं नीट उभं राहता येत नाही?” ती भिंतीकडे बघत म्हणाली, “नमस्कार. मी बरी आहे.” हे वाक्य आठवलं की अजूनही मला माझीच लाज वाटते. तिच्यात काही चुकलं नव्हतं. शिकवायचं काय, हेच मला कळलं नव्हतं.

आमच्या इमारतीत बुधवार, शुक्रवार, रविवारी सकाळी दहाला करावे गावची एक मावशी मासे घेऊन यायची. पन्नाशीची, उंच, काळीसावळी, घट्ट काष्ट्याचं लुगडं नेसलेली. जिन्याच्या तोंडाशी पाटी उतरवून बसायची. बहीण तिसऱ्या पायरीवर असायचीच. एकदा मावशी सुट्टे आणायला समोरच्या दुकानात गेली आणि परत येऊन बघते तर पाटीच्या झाकणावर सगळे मासे लावून ठेवलेले. बोयटं एका ओळीत, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, मोठ्याकडून लहानाकडे. बारीक करंदी एकीकडे, मोठी कोळंबी एकीकडे. कोपऱ्यात नांग्या बांधलेल्या दोन चिंबोऱ्या.

पहिल्या मजल्यावरच्या बाई घ्यायला उभ्या होत्या. म्हणाल्या, “मावशी, हिला हात लावू देत जाऊ नका हो. हिला समजत नाही.”

मावशी खाली बसत म्हणाली, “हात धुतल्यात तिनं, दुकानातनं बगितलंय मी. आनि माज्याहून बरं लावते. तुमी बोला, काय देऊ?”

त्या दिवसापासून पाटी लावायचं काम बहिणीचं झालं. मावशी तिला काही विचारायची नाही. पाटी उतरवायची, झाकण पुढे सरकवायची आणि गिऱ्हाइकाशी बोलायला लागायची. मी हे रविवारी गॅलरीतून बघायचो आणि मनात म्हणायचो, चला, वेळ जातोय बिचारीचा. त्यापलीकडे मला त्यात काही दिसलं नव्हतं.

मग एका आठवड्यात मावशी आलीच नाही. बुधवारी नाही, शुक्रवारी नाही. बहीण दहाला पायरीवर जाऊन उभी राहायची आणि आई जेवायला ओढून नेईपर्यंत हलायची नाही. शुक्रवारी तिने जेवायलाही नकार दिला, तळहाताने कपाळ बडवून घेऊ लागली. रविवारी मी तिला म्हटलं, “चल, आपण कराव्याला जाऊ.”

आज जिथे सीवूड्सचं स्टेशन आणि मॉल आहे, त्या बाजूला तेव्हा नुसती भराव टाकलेली जमीन आणि मधूनमधून पाणी होतं. आम्ही मिठागरांच्या कडेने, तिवरांच्या अंगाने तासभर चालत गेलो. मला धास्ती होती ती वासाची. उदबत्तीचा वास आला तरी ही खोली सोडते, तर सुकवलेल्या मासळीच्या गावात काय करेल? तिने काहीच केलं नाही. जाळी वाळत घातलेल्या बोळातून ती माझ्यापुढे चालत राहिली.

मावशी ओटीवर घोंगडी पांघरून पडली होती. हिवताप. आम्हाला बघून उठून बसली. तिच्या घरासमोर अंगणात रानभेंडीच्या मोठ्या झाडाखाली पाच बायका ओळीने बसल्या होत्या. पुढ्यात चटईवर सुका जवळा पसरलेला. त्यातला कचरा, बारीक शिंपले, भलतंसलतं मासकं वेचून काढायचं काम चाललं होतं. बहीण ओळीच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. टोकाला बसलेल्या बाईने मान वर केली नाही. नुसती थोडी पलीकडे सरकली आणि एक रिकामं सूप पायाने इकडे ढकललं. बहीण खाली बसली आणि जवळा सुपात घेऊन निवडायला लागली.

बस्स. एवढंच घडलं.

मी मावशीजवळ ओटीवर बसून काळा चहा पीत बघत होतो. बायकांच्या गप्पा चालल्या होत्या. कुणाचा जावई रुसला होता, कुणाच्या होडीला भोक पडलं होतं. बोलणं बहिणीच्या डोक्यावरून इकडून तिकडे जात होतं. मधूनच कुणी म्हणायचं, “सूप दे गो,” आणि ती द्यायची. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. तीही कुणाकडे बघत नव्हती. पण तासाभराने माझ्या लक्षात आलं की तिचा गुडघा शेजारच्या बाईच्या गुडघ्याला टेकलेला आहे. कुणाचा स्पर्श सहन न होणारी माझी बहीण आपणहून टेकून बसली होती.

मी मावशीला म्हटलं, “हिला अशी कधी बघितली नव्हती.”

मावशी म्हणाली, “इथं कोन कोनाच्या तोंडाकडं बगत नाय, दादा. हातं चालतात, तोंडं चालतात. ज्याला बोलायचं तो बोलतं, नाय त्याचं नाय.”

मी त्या ओटीवर जे शिकलो ते मला नंतर कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नाही. माझ्या बहिणीला माणसं नको होती असं कधीच नव्हतं. तिला माणसं समोर नको होती, शेजारी हवी होती. आम्ही तिला खुर्चीत बसवून तिच्यासमोर माणसं आणून ठेवत होतो आणि ती पळून गेली की म्हणत होतो, हिला माणसं आवडत नाहीत.

मावशी बरी झाल्यावर आमचं ठरलं. मासळीच्या दिवशी विक्री आटोपली की बहीण मावशीबरोबर चालत कराव्याला जायची आणि संध्याकाळी ऑफिस सुटलं की मी सायकलवरून तिला आणायला जायचो. सुरुवातीला एक मोठी अडचण आली. अंगण रोज एकाच वेळी भरत नसे. सुका जवळा नसेल तेव्हा होड्या आल्या की ताजी मासळी निवडायची, आणि होड्या यायच्या त्या भरतीच्या पाण्याच्या वेळेवर. अंगण रिकामं दिसलं की बहीण कावरीबावरी व्हायची, पुन्हा कपाळ बडवणं सुरू. मावशी म्हणाली, “पानी उगाच येत-जात नाय. रोज पाऊन तास पुढं जातं. तिला सांगून ठेव.” मी कॅलेंडर घेतलं आणि मावशीला विचारून महिन्याच्या प्रत्येक चौकोनात पाण्याची वेळ लिहिली. बहिणीने ते एकदा वाचलं. दुसऱ्या महिन्याच्या वेळा तिने स्वतःच लिहिल्या. रोज बदलणारी वेळ तिला चालली, कारण ती नियमाने बदलत होती. त्यानंतर अंगण रिकामं असलं की ती ओटीवर शांत बसून वाट बघायची.

सगळं गोडच होतं असं मी म्हणणार नाही. एकदा पाहुणी आलेली कुणाची तरी सून मागून आली आणि कौतुकाने हिची वेणी ओढली. हिने हातातलं सूप भिरकावलं. जवळा अंगणभर झाला. मी नेमका तेव्हाच पोचलो होतो. मला वाटलं, आता संपलं, उद्यापासून येऊ नको म्हणतील. ओळीतली सगळ्यात म्हातारी बाई त्या पाहुणीला म्हणाली, “मागनं हात लावायचा नाय तिला. पुढनं ये.” मग बहिणीला म्हणाली, “तू फेकलंस, तू गोला कर.” बहिणीने सगळा जवळा गोळा केला. गप्पा जिथे थांबल्या होत्या तिथून पुन्हा सुरू झाल्या. तिची कीव नाही, तिच्यावर राग नाही. आमच्या शिकल्यासवरल्या इमारतीत हे कुणाला साधलं नव्हतं, मलाही नाही.

साधारण दोन महिन्यांनी पहिल्यांदा वाटा आला.

तिथली रीत अशी होती की ताजी मासळी निवडून झाली की त्यातली थोडी बाजूला काढून म्हातारी तिचे छोटे छोटे ढीग करायची. जितकी माणसं बसलेली, तितके वाटे. ज्याने त्याने आपला उचलायचा. त्या दिवशी मावशी धरून बायका सहा होत्या, पण ढीग सात पडले. बहिणीने आपला वाटा केळीच्या पानात बांधून घरी आणला आणि ओट्यावर ठेवला.

आईने पान उघडून बघितलं. चार करंद्या, दोन बोयटं, एक लहानशी चिंबोरी. “हे काय?”

मी सांगितलं.

आई आमची कोकणातली. मासळीशिवाय घास उतरायचा नाही तिला. पण तिचा चेहरा उतरला. इमारतीत आधीच बोललं जात होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या बायकोने पाण्याच्या टाकीपाशी सगळ्यांदेखत विचारलं होतं, “मुलीला कामाला लावलंत का हो कराव्यात?” आई मला म्हणाली, “मासळी निवडून त्याच्या बदल्यात मासळी आणते? म्हणजे मोलकरीणच झाली की. उद्या सकाळी परत देऊन ये.”

मी परत द्यायला गेलो. ती माझी दुसरी चूक. मावशीने पान हातातही घेतलं नाही.

“वाटा परत करतात व्हय कुनी?” ती म्हणाली. “आमच्यात वाटा परत केला तर त्याचा अर्थ, मी तुमच्यातला नाय. तुजी भैन आमच्यातली नाय, असं बोलायला आलायस का तू?”

मी पान घेऊन परत आलो आणि आईला शब्द न शब्द सांगितला. शुक्रवारी मावशीची पाटी रिकामी झाल्यावर आई चपला घालून बाहेर पडली आणि त्या दोघींबरोबर चालत कराव्याला गेली. मी त्या दिवशी रजा टाकून मागोमाग गेलो, कारण भांडण होणार याची मला खात्री होती.

आई अंगणात उभी राहिली. बहीण ओळीत जाऊन बसली. आईने मावशीला सरळच विचारलं, “तुम्ही माझ्या मुलीला कामावर ठेवली आहे का?”

“नाय वैनी. कामावर ठेवली असती तर उशिरा आली म्हनून बोलले असते. ती बसते आमच्यात.”

“पण तिला इथे आवडतं का? का ती नुसती सवयीने येते?”

“ते तिला इचारा. मी कशी सांगू?”

आईने आयुष्यात पहिल्यांदाच बहिणीला हा प्रश्न विचारला असावा. ती तिच्यासमोर जाऊन वाकणार होती, पण थांबली. ओळीच्या टोकाला, बहिणीच्या शेजारी, मातीत बसली आणि पुढ्यातल्या चटईकडे बघत म्हणाली, “बाळा, तुला इथे आवडतं?”

बहीण निवडत राहिली. मग म्हणाली, “परवा पाणी दोन वाजता.”

परवा रविवार होता, पुन्हा इथे यायचा दिवस. आईला उत्तर मिळालं. त्या दिवशीचा वाटा आईने स्वतः पदराखाली झाकून आणला, आणि इमारतीच्या दारात पोचल्यावर पदर बाजूला केला. सेक्रेटरींची बायको जिन्यात भेटली. आई न विचारता म्हणाली, “हा माझ्या मुलीचा वाटा. मैत्रिणींकडून आलाय.”

पुढल्या वर्षी मावशीच्या मुलीचं लग्न निघालं. हळदीला आम्हा तिघांना बोलावणं. मला सत्यनारायण आठवला. त्यात हळद म्हणजे बेंजो, ताशे, गर्दी. मी मावशीला म्हटलं, “आई आणि मी येतो. हिला नको. तिला आवाज सोसत नाही.”

मावशी म्हणाली, “आवाज पुढच्या अंगनात हाय. मागच्या परड्यात काय हाय?”

मागच्या परड्यात दोन म्हाताऱ्या लसूण सोलत बसल्या होत्या. गावजेवणाला पुरेल एवढा लसूण. बहीण त्यांच्या ओळीत तिसरी बसली. भिंतीपलीकडे बेंजो वाजत होता, पण इथे तो दबून येत होता. मी दर दहा मिनिटांनी डोकावून बघायचो. चौथ्यांदा डोकावलो तेव्हा नवरी स्वतः हळदीची वाटी घेऊन परड्यात आली होती, अंगभर हळद लागलेली. तिने बहिणीच्या पुढे हात केला आणि थांबली. पुढून आली होती, मागून नाही. बहिणीने बोट वाटीत बुडवलं आणि नवरीच्या हाताला हळद लावली, मनगटापासून कोपरापर्यंत एक सरळ रेघ. नवरी म्हणाली, “दुसऱ्या हातावर पन काढ.” तिने काढली, पहिल्या रेघेइतकीच लांब. नवरी तशीच दोन पिवळ्या रेघा मिरवत पुढच्या अंगणात नाचायला गेली.

त्या संध्याकाळी सायकल हातात धरून परतताना माझा विचार पक्का झाला. हे एका मावशीच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. हे करता येतं. आपल्यालाही करता येतं.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ होते, मराठवाड्यातून आलेले, वाशीला राहणारे. पाचचा ठोका पडला की चहालाही न थांबता बस गाठायचे. सहा वर्षांत घरचं काही बोलले नव्हते. एकदा डबा खाताना मी माझ्या बहिणीचं सगळं सांगितलं, सत्यनारायणापासून हळदीपर्यंत. त्यांनी डबा बंद केला. मग म्हणाले, “माझा थोरला बावीस वर्षांचा आहे. बसची तिकिटं गोळा करतो. दिवसभर दाराला बाहेरून कडी लावून यावं लागतं.” एवढं बोलून ते हात धुवायला गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत.

त्यांच्या मुलाला मासळीचा वास अजिबात सोसत नव्हता, तेव्हा करावे शक्य नव्हतं. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर सोसायटीची एक खोली होती, मीटिंगसाठी. मी सेक्रेटरींकडे रविवारी सकाळी मावशी यायच्या आधीचे दोन तास मागितले. ते म्हणाले, “अहो, इथे पूजा होते, मीटिंग होते. असल्या मुलांना आणून टेन्शन कशाला वाढवता?”

“खोली रहिवाशांची आहे ना?” मी म्हटलं. “माझी बहीण रहिवासी आहे. तिचे पाहुणे येणार. तुमच्याकडे पाहुणे येतात तेव्हा मी विचारतो का कोण आहेत?”

त्यांनी किल्ली दिली. हसून नाही दिली, पण दिली.

पहिल्या रविवारी आम्ही चौघंच होतो. बहीण, तो मुलगा, त्याचे वडील आणि मी. मी खुर्च्या बाहेर काढून ठेवल्या आणि भिंतीशी एकच लांब सतरंजी घातली. काम होतं जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या करण्याचं. अशा पिशव्या मावशीला जवळा बांधून द्यायला लागायच्याच. नियम मी तिथूनच उचलले होते. समोर बसायचं नाही. कुणाला नाव-गाव विचारायचं नाही. उठून जावंसं वाटलं तर जायचं, परत यावंसं वाटलं तर यायचं. हात लावायचा तर पुढून. आणि आई-वडिलांनीही बसायचं ते ओळीत, देखरेखीला नाही. हा शेवटचा नियम सगळ्यात अवघड गेला. त्या गृहस्थांचं पिशवीकडे लक्षच नव्हतं, मुलाकडे होतं. तिसऱ्या रविवारी माझ्या आईने त्यांना सुनावलं, “भाऊ, तुमची पिशवी तिरकी होतेय. त्याची सरळ आहे.”

दोन वर्षांत सतरंजी पुरेना. नेरूळहून एक मुलगी यायला लागली, जी एकही शब्द बोलत नसे पण गुणगुणायची. बेलापूरचाच एक जण होता, त्याला पिशव्या जमत नव्हत्या, तो फक्त मोजायचा आणि आम्ही चुकलो की सांगायचा. पुढे एका तरुण डॉक्टरांनी येऊन दोन तास आमच्यात बसून पिशव्या केल्या आणि जाताना मला ऑटिझम हा शब्द दिला. शब्दाचा उपयोग झाला. इतर आई-बापांना सांगताना तोंडात काहीतरी धरायला मिळालं. पण ओळ आधीच बसली होती.

माझी बहीण आणि तो तिकिटांचा मुलगा दोन वर्षं शेजारीशेजारी बसले. मी त्यांना एकमेकांशी बोलताना कधी ऐकलं नाही. तो कागद कापायचा, ती चिकटवायची. कुणी विचारलं असतं की यांची ओळख आहे का, तर मीही अडखळलो असतो.

मग एका रविवारी तो आला नाही. त्याची जागा रिकामी होती. नेरूळची मुलगी तिकडे सरकायला लागली तेव्हा बहिणीने त्या जागेवर हात ठेवला. म्हणाली, “तो कुठे?”

सगळ्यांचे हात थांबले. मी म्हटलं, “माहीत नाही. उद्या ऑफिसात विचारतो.”

“आज,” ती म्हणाली.

तेव्हा आमच्याकडे टेलिफोन नव्हता. मी आईला म्हटलं, तू इथलं बघ, आणि बहिणीला घेऊन बसस्टॉपवर गेलो. ती बसमध्ये कधीच नीट बसत नसे, इंजिनाच्या आवाजाने कान झाकून घ्यायची. त्या दिवशीही झाकले, पण उतरू म्हणाली नाही. वाशीला पोचलो तर कळलं की पाय मोडलाय. जिन्यावरून घसरला होता. पायाला प्लास्टर, पलंगावर आडवा. वडील दार उघडून आम्हाला बघतच राहिले. त्यांच्या घरी खास त्या मुलासाठी म्हणून कुणी आल्याची ती पहिलीच वेळ होती, असं नंतर त्याची आई म्हणाली.

त्या माउलीने खुर्ची आणून पलंगासमोर ठेवली. बहिणीने ती उचलली, पलंगाच्या उशाशी भिंतीला लावली आणि बसली, म्हणजे दोघांचीही तोंडं खिडकीकडे झाली. मुलाने उशीखालून तिकिटांचा डबा काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. ती रंगांप्रमाणे तिकिटं लावू लागली. तो मधूनच एखादं तिकीट उचलून दुसऱ्या गठ्ठ्यात टाकायचा आणि ती ते तिथेच राहू द्यायची. तिने लावलेलं कुणी हलवलं तर काय होतं हे मी आयुष्यभर बघत आलो होतो, म्हणून डबा सावरायला मी पुढे सरकलो. काही झालं नाही.

तासाभराने ती उठली. दारापाशी जाऊन, मागे न बघता म्हणाली, “पुढच्या रविवारी.”

त्याने खिडकीकडे बघतच आमच्या परतीच्या बसचा नंबर सांगितला आणि ती किती वाजता सुटते तेही सांगितलं. आम्ही त्याच बसने आलो. प्लास्टर निघेपर्यंतचे पाच रविवार सकाळचं काम आटोपलं की मी तिला कराव्याऐवजी वाशीला नेत असे. सहाव्या रविवारी तो काठी टेकत बेलापूरला आला, आपल्या जागी बसला आणि कात्री मागितली.